आपल्या पाळीचं पाणी

डिसेंबर २०१८. रात्रीचे साडेदहा वाजले होते. मी पुण्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये बसलो होतो आणि पावणेदोनशे किलोमीटरवरच्या विहिरीतून पाणी उपसत होतो.

ज्यांच्या घरी शेती नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोबाईल स्टार्टर म्हणजे मोटरच्या पेटीत बसवलेलं एक सिमकार्ड. त्या नंबरवर फोन लावला की एक बाई रेकॉर्ड केलेल्या आवाजात सांगते, मोटर बंद आहे, सुरू करण्यासाठी एक दाबा. मी एक दाबला. पुढचे चार दिवस, लाईट येईल तेव्हा, दाबत राहिलो.

या लेखात मला त्या बटणाबद्दल बोलायचं आहे. मी काही चूक केली का? कायद्याने नाही. गावच्या रीतीनेही नाही, कारण पाळी आमचीच होती. ज्या माणसाचं नुकसान झालं तिने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. तरीही हे प्रकरण माझ्या मनातून जात नाही. आधी वाटलं, ही नुसती अपराधी भावना आहे, पुण्यात राहून गावाबद्दल सगळ्यांनाच वाटते तशी. पण तसं नसावं. तिथे एक खरा प्रश्न आहे आणि तो मला अजून नीट सुटलेला नाही.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, आष्टी तालुक्यात. आजोबांची सहा एकर जमीन आणि एक विहीर. वाटणी झाली तेव्हा आजोबांनी चिठ्ठ्या टाकल्या. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ओढ्याकाठचं तीन एकर काळं रान आलं. चुलत्यांना माळाकडचं तीन एकर, मुरमाड, हलकं. विहीर सामाईक राहिली. चार दिवस आमची पाळी, चार दिवस त्यांची. हे स्टँपपेपरवर लिहिलेलं आहे, खाली दोघांच्या सह्या आणि आजोबांचा अंगठा. पुढे चुलते वारले. काकूने शेती सोडली नाही. ती आणि तिची मुलगी, दोघीच करतात.

२०१८ ला पावसाने दगा दिला. ऑक्टोबरच्या शेवटी सरकारने राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आमचा तालुका होता. आमच्या काळ्या रानात थोडी ओल होती, त्यावर आम्ही ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात हरभरा पेरला. काकूने पण पेरला, पण माळावरची ओल उडून गेली होती, बी उगवलंच नाही. तिने परत बियाणं आणून महिनाअखेरीस दुबार पेरणी केली.

आता थोडं हरभऱ्याबद्दल. त्याशिवाय पुढचं कळणार नाही, आणि खरं सांगायचं तर मला हे पीक आवडतं म्हणूनही.

हरभरा हे थंडीचं आणि कमी पाण्याचं पीक आहे. पेरणीपासून काढणीपर्यंत त्याला सगळं मिळून साधारण २५ सेंटिमीटर पाणी लागतं. एकरी हिशेब केला तर दहा लाख लिटर. मोठा आकडा वाटतो, पण त्यातलं बरंचसं पावसाळ्यात मातीत मुरलेलं असतं आणि हरभऱ्याचं सोटमूळ ते खोलवरून ओढून घेतं. वरून द्यायचं ते दोन किंवा तीन वेळा. कृषी विद्यापीठांच्या पुस्तिकांत हे वेळापत्रक छापलेलं असतं. भारी जमिनीत दोनच पाणी पुरतात, पहिलं तीस-पस्तीस दिवसांनी आणि दुसरं पासष्ट-सत्तर दिवसांनी. मध्यम किंवा हलक्या जमिनीत तीन, कारण तिथे ओल टिकत नाही. पहिलं वीस-पंचवीस दिवसांनी, दुसरं पंचेचाळीस-पन्नास, तिसरं पासष्ट-सत्तर. त्यामागे साधा हिशेब आहे. फांद्या फुटताना, फुलं येताना आणि घाट्यात दाणा भरताना झाडाला तहान लागू द्यायची नाही. बाकी वेळी थोडी लागली तरी चालते.

चालते म्हणजे काय, लागावीच लागते. ही गोष्ट मला फार उशिरा कळली. हरभरा आपणहून वाढ थांबवणारं पीक नाही. पायाशी ओल मिळत राहिली तर तो पालाच करत राहतो, नव्या फांद्या काढतो, फुलं पुढे ढकलतो. पाणी थोडं तुटलं, ताण बसला, की त्याला समजतं की आता आवरायला हवं, आणि मग तो घाटे धरतो. पाणी साचलं तर आणखी वाईट. त्याच्या मुळांवर गाठी असतात, त्यांतले जिवाणू हवेतला नत्र झाडाला मिळवून देतात, आणि त्यांना मातीत हवा लागते. चिखलात ते गुदमरतात. जास्त पाण्याने हिरवागार, गुडघ्याच्या वर गेलेला, वाऱ्यावर लोळणारा आणि घाटे नसलेला हरभरा तयार होतो. त्याला आमच्याकडे एकच शब्द आहे. हरभरा माजला.

अण्णा पाणी द्यायच्या आधी रानात जातात, खुरप्याने वीतभर उकरतात आणि खालची माती मुठीत दाबून लाडू वळतात. लाडू वळला आणि हातातून टाकल्यावर फुटला नाही, तर घरी परत. फुटला तर मोटर. कॅलेंडर ते बघतात, पण शेवटचा निकाल मातीचा.

त्या वर्षी नोव्हेंबरच्या मध्याला त्यांनी पहिलं पाणी दिलं आणि आठ-दहा दिवसांत त्यांच्या छातीत दुखायला लागलं. नगरला दवाखाना, अँजिओप्लास्टी, पुढे महिनाभर सक्तीची विश्रांती नगरलाच, माझ्या आत्याकडे. स्टार्टरचा नंबर माझ्याकडे आला. त्या रानात आधीच्या वर्षीच्या कपाशीचं ठिबक होतं, त्यावरच हरभरा घेतला होता. त्यामुळे दारं धरायला माणूस नको होता. व्हॉल्व्ह फिरवायला आई होती. मोटरला मी.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाळी आली तेव्हा मी पाणी सोडलं. गरज नव्हती. पेरणीला दोन महिनेही झाले नव्हते आणि आधीचं पाणी तीन आठवड्यांपूर्वीच दिलेलं होतं. मग का सोडलं? कारण पाळी होती. सोडलं नसतं तर ती गेली असती.

या वाक्यापाशी थोडं थांबा, माझ्या मते सगळी गडबड इथे आहे. पाळीचं पाणी साठवता येत नाही. आज घेतलं नाही तर ते माझ्या नावावर जमा होत नाही, मोबाईलचा डेटा रात्री बारा वाजता संपतो तसं ते संपतं. मग माणूस काय करतो? वापरून टाकतो. कालव्याखालच्या शेजपाळीत हेच होतं, पंजाब-हरियाणाच्या वारबंदीत हेच होतं. तिथे तर आठवड्यातले तास आणि मिनिटं जमिनीच्या प्रमाणात ठरलेली असतात, तुमची वेळ मध्यरात्री दोनची असेल तर दोनला उठायचं. उठला नाहीत तर पाणी पुढच्याचं. अशा ठिकाणी 'माझ्या पिकाला आज पाणी हवंय का' हा प्रश्न कोणी विचारत नाही. 'माझी पाळी कधी आहे' एवढंच विचारलं जातं.

मग आली मधल्या आठवड्यानंतरची पाळी, अठरा डिसेंबरच्या आसपासची. आता आमच्या हरभऱ्याला पासष्ट-सत्तर दिवस होत आले होते. पुस्तिकेप्रमाणे दुसऱ्या पाण्याची वेळ. दवाखान्यातून अण्णांनी फोनवर सांगितलं होतं, "माती बघून घे." मी पुण्यातून माती कशी बघणार? आईला सांगता आलं असतं. सांगितलं नाही. माझ्याकडे रिलीज होता, तीन रात्री ऑफिसातच झोपलो होतो, आणि मला वाटलं की दिलेलं बरं, न देऊन नुकसान नको.

त्याच आठवड्यात काकूच्या दुबार पेरणीला पन्नास दिवस झाले होते. हलकी जमीन, ऐन फुलोरा, आणि तिच्या आधीच्या पाळीला विहिरीत पाणी कमी असल्याने अर्धंच रान भिजलं होतं. विहीर त्या वेळी दिवसाला दोन-अडीच तास चालायची, मग उघडी पडायची, परत झरे भरायची वाट बघायची. मी चार दिवस तळ गाठेपर्यंत उपसलं. पाचव्या दिवशी काकूची पाळी सुरू झाली तेव्हा मोटर वीस मिनिटांत हवा ओढायला लागली. तिचे चार दिवस असेच गेले.

फेब्रुवारीत काढणीला गेलो. आमचा हरभरा लांबून बघून छाती फुगेल असा होता. जवळून बघितलं तर माजलेला, जागोजाग लोळलेला. एरवी एकरी आठ क्विंटल देणाऱ्या रानाने सहा दिले. काकूच्या रानात फुलं गळून गेली होती, घाट्यात एकेक दाणा, तोही सुरकुतलेला. तिला एकरी दोन क्विंटल झाले. चांगल्या वर्षी पाच होतात. म्हणजे तीन एकरांत नऊ क्विंटलचा खड्डा, आणि त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ४,६२० रुपये होता. हिशेब तुम्ही करा. माझ्या चुलत बहिणीची बारावीनंतरची ॲडमिशन त्या वर्षी राहिली. एकट्या हरभऱ्यामुळे राहिली असं मी म्हणणार नाही. दुष्काळ होता, दुबार पेरणी होती, कपाशी आधीच गेली होती. खड्ड्यातला माझा वाटा किती, हे मला कधीच कळणार नाही. शून्य नाही, एवढं माहीत आहे.

काकू म्हणाली, "अरे, तुझी पाळी होती, तू घेतलं. त्यात काय एवढं." आणि माझ्या हातात वाळवलेल्या हरभऱ्याच्या भाजीची पिशवी दिली. थंडीत शेंडे खुडून वाळवतात ती. "पुण्यात मिळत नसंल," म्हणाली.

पुण्याला आल्यावर मी स्वतःचा वकील झालो. पहिला मुद्दा सोपा होता, हक्क. १८८२ चा इझमेंट ॲक्ट वाचला. त्यात जमीनमालकाच्या नैसर्गिक हक्कांमध्ये हेही येतं, की ठरलेल्या प्रवाहातून न वाहणारं, आपल्या जमिनीखालचं पाणी त्याने आपल्या हद्दीत काढून घ्यावं. लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकात पक्क्या झालेल्या विचारावर हे बेतलेलं आहे, जिथे जमिनीखालच्या पाण्याची टंचाई हा रोजचा विषय नव्हता. शिवाय आमच्याकडे स्टँपपेपर होताच. पण हक्क आहे म्हटल्याने एवढंच कळतं की मला कोणी अडवू शकत नव्हतं. मी घ्यायला हवं होतं का, याचं उत्तर त्यात नाही. आणि गंमत बघा, ज्या पाण्यावर मी हक्क बजावला त्याने माझंही नुकसानच केलं. मी गरज म्हणून घेतलंच नव्हतं. माझं होतं म्हणून घेतलं. वस्तू आपली आहे एवढ्याच कारणाने ती वापरून टाकणं याला आपल्याकडे दोष मानत नाहीत. मला वाटतं, मानायला हवा.

दुसरा मुद्दा समानतेचा. चार दिवस त्यांचे, चार आमचे, चिठ्ठ्या टाकून झालेली वाटणी, कोणावर अन्याय नाही. हा मुद्दा मला बरेच दिवस पटलेला होता. मग एकदा कागदावर मांडून बघितलं. आमच्या काळ्या रानाला दोन पाणी लागतात, तिच्या माळाला तीन. सारख्या तासांत आमचं पीक तृप्त आणि तिचं अर्धपोटी. आजोबांनी तास सारखे वाटले, जमीन सारखी वाटली, पण माती सारखी वाटता येत नव्हती. ती चिठ्ठीने वाटली गेली. म्हणजे समान वाटणी करताना नेमकं काय समान करायचं हे आधी ठरवावं लागतं, आणि आपण बहुतेक वेळा जे मोजायला सोपं ते समान करतो. घड्याळ मोजायला सोपं असतं.

महाराष्ट्रात यावर वेगळा विचार करून झालेला आहे, आणि तो पुस्तकात नाही, रानात झालेला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे हे पुण्याचे इंजिनियर-उद्योजक पुरंदर तालुक्यातल्या नायगावला गेले. तिथून जी पाणी पंचायत उभी राहिली तिने पाणी जमिनीपासून तोडलं. पाणी एकरावर नाही, डोक्यावर. घरात माणसं किती ते बघायचं, माणशी अर्ध्या एकराला पाणी, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरापर्यंत. ज्याला जमीनच नाही त्यालाही पाण्याचा हक्क. जमीन विकली तर पाणी तिच्याबरोबर विकलं जात नाही. आणि उसाला बंदी. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला भूमिहीनाचा मुद्दा उगाच आदर्शवादी वाटला होता. जमीन नसलेला माणूस पाणी घेऊन करणार काय? मग लक्षात आलं की तो दुसऱ्याच्या रानात वाट्याने पीक घेऊ शकतो. ज्याच्याकडे रान आहे पण पाणी कमी, त्याला या माणसाशी बोलावं लागतं. पाणी मिळालं की जमीन नसलेल्यालाही सौद्यात जागा मिळते.

धुळ्याकडे पांझरेवर त्याहून कितीतरी जुनी फड पद्धत होती. बंधाऱ्याखालचं रान फडांमध्ये वाटलेलं, एका फडात एकच पीक, आणि पाणी कमी असलं की कोणते फड भिजवायचे हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. तिथली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी, की शेतकरी आपल्या हाताने दारं फोडत नाही. पाणी पाटकरी देतो. ज्याचं पीक त्याच्या हातात बटण नाही. तो एक दाबणारा मी आणि तो पाटकरी, यांच्यातला फरक नुसता तंत्रज्ञानाचा नाही. पाटकरी पाटाने चालत जातो, जाताना सगळ्यांची रानं बघतो. मला फोनवर फक्त व्होल्टेज कळत होतं.

मग ठरलं का, गरजेप्रमाणे पाणी, हक्काप्रमाणे नाही? एक काळ मी असंच म्हणत होतो, पुण्यातल्या मित्रांना तावातावाने सांगत होतो. आता इतक्या सहज म्हणत नाही. कारण काकू.

चुलते वारले तेव्हा भावकीत कुजबूज झाली होती. बाईमाणसाला काय झेपणार शेती, अण्णाच करतील, विहीर एकाच्या हाती राहिलेली बरी. त्या वेळी तिला कोणाच्या चांगुलपणाने वाचवलं नाही. तिला त्या स्टँपपेपरने वाचवलं. चार दिवस तिचे आहेत म्हणजे तिचे आहेत. त्यासाठी तिला आमच्या दारात येऊन 'माझं पीक वाळतंय' असं म्हणावं लागत नाही. गरजेप्रमाणे वाटायचं म्हटलं की कोणीतरी गरज सिद्ध करायची आणि कोणीतरी ती मान्य करायची. ज्याच्याकडे आधीच जास्त आहे तोच बहुतेक मान्य करणारा असतो. पाळीत तो अपमान नाही. घड्याळाला दया नसते, पण त्याच्यापुढे हात पसरावा लागत नाही. हे मला तिच्याकडे बघून कळलं, आणि तेव्हापासून 'हक्क' या शब्दावर मी पूर्वीसारखा चिडत नाही.

तिसरा मुद्दाही सांगून टाकतो, लोक तो हमखास काढतात. अरे, तुम्ही हरभऱ्याच्या एका पाण्यावरून कसले भांडता, तिकडे ऊसवाले बघा. बरोबर आहे. उसाला दीडशे ते अडीचशे सेंटिमीटर पाणी लागतं, हरभऱ्याच्या सहा ते दहा पट. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने प्यायचं पाणी न्यावं लागलं, आणि त्याच मराठवाड्यात साखर कारखान्यांची धुराडी आहेत. या विषयावर वेगळा लेख हवा आणि तो रागानेच लिहायला हवा. पण मी पाहिलंय की मोठा चोर दाखवला की आपल्या खिशातलं कोणी बघत नाही. कारखान्याच्या चेअरमनने काकूची मोटर बंद पाडली नव्हती.

त्या उन्हाळ्यात मी अण्णांपुढे प्रस्ताव ठेवला. पाळी मोडायची नाही, पण आपल्याला नको असेल तेव्हा आपले तास काकूला द्यायचे. अण्णा तोवर बरे झाले होते, सकाळी चालायला जात होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आज दिलं की उद्या तो हक्क होतो."

मला राग आला. नंतर कळलं की हा नुसता कंजूसपणा नाही. त्याच इझमेंट ॲक्टमध्ये वीस वर्षांच्या अखंड वहिवाटीने हक्क निर्माण होण्याची तरतूद आहे. खेड्यातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला कायद्याचं नाव माहीत नसतं, पण वीस वर्षं हा आकडा पाठ असतो. त्यापायी लोक शेजाऱ्याला बांधावरून बैलगाडी नेऊ देत नाहीत. वास्तविक मालकाच्या परवानगीने घेतलेल्याचा असा हक्क होत नाही, हेही कायद्यात आहे. मी अण्णांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "परवानगी दिली हे कोण सांगणार? मी काय वीस वर्षं जगणारे?" छातीत स्टेंट असलेला माणूस असं म्हणाला की वाद पुढे जात नाही.

पण मला तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली. आमच्या गावात माणसं वाईट नाहीत. अडीअडचणीला भाकरी देतात, बैल देतात, रात्री दवाखान्यात नेतात. पाण्याच्या बाबतीत मात्र चांगलं वागायला घाबरतात. चांगुलपणाचा पुरावा पुढे आपल्याविरुद्ध वापरला जाईल अशी भीती. दोष मग कोणाचा, घाबरणाऱ्याचा की ज्या व्यवस्थेत देणं धोक्याचं झालं तिचा? मला दोन्ही वाटतं, आणि मला हेही माहीत आहे की असं म्हणणं म्हणजे उत्तर टाळणं आहे.

शेवटी तोडगा आईने काढला, आणि तो तिने काही तत्त्व म्हणून काढला नाही. ती म्हणाली, "साखर उसनी देता ना, तसं द्या."

स्टार्टरच्या पेटीत आता एक शंभर पानी वही असते. त्यात तारीख, तास, कोणी कोणाला, आणि शेवटी 'उसने' असा शब्द. खाली दोघांच्या सह्या. त्यामुळे वहिवाटीची भीती गेली, कारण उसन्याची वहिवाट होत नाही. काकूलाही ते बरं वाटलं. दान नको होतं तिला, उसनं चालत होतं. आणि पाणी सोडायच्या आधी माती बघायची, आपली आणि त्यांची. मी पुण्यात असतो तेव्हा चुलत बहीण दोन्ही रानांतली माती मुठीत दाबून व्हॉट्सॲपवर फोटो पाठवते. एका वर्षाच्या खंडानंतर तिची ॲडमिशन झाली, आता सुट्टीत येते. फोटोवरून लाडू घट्ट आहे की नाही हे नेहमी कळतं असं नाही. मग ती व्हिडिओ करते, लाडू हातातून खाली टाकते.

हे सगळं छान चाललंय असं समजू नका. एका वर्षी पाऊस एवढा झाला की वही उघडलीच नाही, आणि पुढच्या वर्षी दोन तासांच्या नोंदीवरून अण्णा आणि काकू महिनाभर बोलत नव्हते. आणि त्यात एक मूळचीच खोट आहे, ती मला आधी दिसली नव्हती. साखर परत केली की साखरच मिळते. पाण्याचं तसं नाही. फुलोऱ्यातले चार तास आणि दाणा भरून झाल्यावरचे चार तास घड्याळात सारखे, रानात सारखे नाहीत. डिसेंबरात दिलेलं पाणी कुठल्याच महिन्यात जसंच्या तसं परत करता येत नाही.

गेल्या हंगामात डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात व्हिडिओ आले. आमचा लाडू पडून तसाच राहिला, काकूचा हातातच विरला. पाळी आमची होती. मी अण्णांना फोन केला. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "किती तास?" मी म्हटलं चार. "लिहून ठेव म्हणावं तिला."

फेब्रुवारीच्या सुरुवातीला काकूने स्वतःच्या पाळीतले चार तास परत केले. आमचा हरभरा तोवर पिवळा पडायला लागला होता, घाटे वाजत होते, त्याला पाणी दिलं असतं तर उलट नुकसानच. मी फोनवर अण्णांना म्हटलं, कशाला घेता, सोडून द्या. ते म्हणाले, असं करायचं नसतं, तिने आणून दिलंय. त्यांनी मोटर लावली आणि चार तास पाणी गोठ्यामागच्या कडवळाला सोडलं. मग वहीत सही केली.